जुन्या घराचं संपूर्ण नूतनीकरण: आधी काय, नंतर काय आणि का

जुन्या घराचं काम काढायचं ठरलं की पहिली चर्चा टाइल्सची, रंगाची आणि ओट्याच्या दगडाची होते. काम झाल्यावर वर्ष-दोन वर्षांत जी दुखणी वर येतात ती मात्र गंजलेल्या सळयांची, भिंतीत मुरलेल्या ओलीची, फरशीखालच्या पाइपांची आणि गिलाव्याआडच्या वायरींची असतात. ही सगळी कामं झाकली जातात. ती नंतर दुरुस्त करायची तर वरचं चांगलं काम फोडावं लागतं. म्हणून खालचा क्रम शक्यतो मोडू नका. एखादा कारागीर आज मोकळा आहे म्हणून त्याचं काम आधी उरकून घ्यायचा मोह होतो, आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

घर रिकामं ठेवता येत असेल तर ठेवाच. राहत्या घरात एकेक खोली करत गेलं की वायरिंग आणि प्लंबिंग तुकड्यांत होतं, जोड वाढतात, आणि कोणता तुकडा कोणी केला हे नंतर कळत नाही.

१. घर तपासा, डिझाइन नंतर

यासाठी लागणारी हत्यारं साधी आहेत: टॉर्च, हलकी हातोडी, टोकदार स्क्रू ड्रायव्हर, मेजर टेप, ओळंबा, प्लास्टिकचा कागद, चिकटपट्टी, आणि प्रत्येक खोलीचं कच्चं रेखाचित्र काढायला वही.

*तडे.* गिलाव्यावरचे केसाएवढे जाळीदार तडे बहुधा गिलावा आकसल्याचे असतात, त्यांनी घाबरू नका. दारा-खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपा निघालेला किंवा विटांच्या सांध्यांतून पायरी-पायरीनं चढत गेलेला तडा पाया कुठेतरी खचल्याची शक्यता सांगतो. कॉलम किंवा बीमवर सळईच्या रेषेत सरळ जाणारा तडा असेल तर आत सळई गंजते आहे असं समजा. रुंदी ५ मिमीपेक्षा जास्त असेल किंवा तोच तडा भिंतीच्या दोन्ही बाजूंना दिसत असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरनं पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. तडा अजून वाढतोय का हे पाहायला काचेची पातळ पट्टी त्याच्यावर आडवी ठेवून दोन्ही टोकं इपॉक्सीनं चिकटवा आणि शेजारी तारीख लिहा. काच तडकली की हालचाल चालू आहे हे नक्की. उत्तर मिळायला काही महिने लागतात, म्हणून हे काम सगळ्यात आधी करून ठेवा.

*काँक्रीट.* स्लॅबच्या खालून, कॉलमच्या तळाशी आणि विशेषतः बाथरूमच्या खालच्या छतावर हातोडीनं हलकेच ठोकत जा. आवाज खणखणीत आला तर ठीक, बद्द आला तर वरचं आवरण सुटलेलं आहे. गंज मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा व्यापतो, त्यामुळे गंजणारी सळई काँक्रीटला आतून फोडते. इंजिनिअरला फिनॉल्फ्थॅलिन चाचणी करायला सांगा. काँक्रीटचा तुकडा ताजा फोडून त्यावर हे द्रावण फवारतात. काँक्रीट शाबूत असेल तिथे गडद गुलाबी रंग येतो, कार्बोनेशन झालेल्या (हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनं क्षारपणा गेलेल्या) भागात रंगच येत नाही. हा बिनरंगाचा पट्टा सळईपर्यंत पोचला असेल तर बाहेरून एकही तडा नसला तरी सळईचं संरक्षण संपलेलं असतं.

*ओल.* 'भिंतीला ओल आहे' एवढ्यावर कोणतंही औषध सुचवणाऱ्या माणसाला काम देऊ नका. ओल वरून येते, बाहेरच्या बाजूनं येते, जमिनीतून चढते, पाइपातून झिरपते किंवा खोलीतल्याच दमट हवेची थंड भिंतीवर जमते. प्रत्येकीचा इलाज वेगळा. जमिनीतून चढणारी ओल साधारण मीटरभर उंचीवर थांबते आणि तिच्या वरच्या कडेला लोण्याची, म्हणजे क्षारांची, पांढरी रेघ दिसते. हवेतल्या दमटपणाची शंका असेल तर फूटभर प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी भिंतीला घट्ट चिकटवा आणि दोन दिवसांनी बघा. थेंब खोलीकडच्या बाजूला असतील तर खोलीत हवा खेळत नाही. कागदाच्या मागे असतील तर पाणी भिंतीतून येतंय. पाइपासाठी घरातले सगळे नळ बंद करा, फ्लशची टाकी भरू द्या आणि मीटरचा आकडा लिहून ठेवा. दोन तासांनी आकडा पुढे सरकला असेल तर कुठेतरी गळती आहे.

*लाकूड.* तुळया आणि वासे मधून ठणठणीत दिसतात आणि भिंतीत गेलेल्या टोकाशी कुजलेले असतात, कारण तिथे ओल असते आणि हवा नसते. स्क्रू ड्रायव्हर टोकाशीच खुपसून पाहा. तो सहज आत गेला तर ती तुळई कामाची राहिलेली नाही. वाळवीच्या मातीच्या नळ्या जोत्यापासून वर चढताना दिसतात का, तेही बघा. घर उघडं आहे तोवरच वाळवीची प्रक्रिया नीट करता येते.

२. कागदपत्रं आणि परवानग्या

नियम जागोजागी वेगळे असतात, पण फाइलमध्ये एवढं असलं पाहिजे:

- मालकीचे कागद आणि मूळ मंजूर नकाशा. नकाशा सापडत नसेल तर प्रत्यक्ष मोजून केलेला नकाशा.
- भिंत पाडणं, मजला किंवा गॅलरी वाढवणं, बाहेरचं रूप बदलणं यांसाठी स्थानिक प्राधिकरणाची परवानगी. घर वारसा यादीत असेल तर नियम आणखी कडक असतात, हे आधी विचारून घ्या.
- स्ट्रक्चरल इंजिनिअरचा लेखी अहवाल आणि दुरुस्तीचा सही केलेला नकाशा.
- सामाईक भिंत किंवा स्लॅब असेल तर शेजाऱ्यांची लेखी संमती, आणि काम सुरू होण्याआधी त्यांच्या भिंतींचे तारखेसह फोटो. हे फोटो नंतरचे निम्मे वाद मिटवतात.
- विजेचा मंजूर भार वाढवायचा असेल तर त्याचा अर्ज. हा सगळे शेवटी करतात, आणि घर तयार होऊनही गीझर आणि एसी एकत्र चालत नाहीत.
- कंत्राटदाराशी केलेला करार आणि कामगारांच्या विम्याचा कागद.

३. आराखडा, मोजमापं आणि करार

'पूर्ण घराचं इतके' असा एकरकमी दर ऐकायला सुटसुटीत वाटतो, पण त्यात काय धरलं आहे आणि काय नाही यावरच पुढे भांडण होतं. बाबनिहाय यादी करा: गिलावा चौरस मीटरमध्ये, स्कर्टिंग धाव मीटरमध्ये, इलेक्ट्रिकचे पॉइंट नगात. मोजण्याची पद्धतही लिहा. गिलावा आणि रंग मोजताना दारा-खिडक्यांची वजावट होणार की नाही, झिरी (पाइप-वायरींसाठी भिंतीत खोदलेल्या खाचा) भरणं प्लंबरच्या दरात की गवंड्याच्या, राडारोडा खाली उतरवणं आणि वाहून नेणं कोणाकडे, हे तीन मुद्दे हमखास सुटतात.

पैसे कामाच्या टप्प्यांना बांधा, तारखांना नको. एकूण रकमेतले ५ ते १० टक्के पहिला पावसाळा पार पडेपर्यंत हातात ठेवायचे असं करारातच लिहा. जुन्या घरात गिलावा काढल्यावर काय निघेल हे कोणालाच सांगता येत नाही, म्हणून अंदाजपत्रकाच्या १५ ते २० टक्के रक्कम वेगळी ठेवा आणि ती चांगल्या टाइल्सवर खर्च करून टाकू नका.

टाइल्स मागवताना मोजमापावर ८ ते १० टक्के वाढवा, तिरपी मांडणी असेल तर १५ टक्के. सगळे बॉक्स एकाच बॅचचे आणि एकाच शेडचे आहेत का हे गाडीवरून उतरवतानाच तपासा. कमी पडल्यावर मागवलेला बॉक्स दुसऱ्या शेडचा निघतो आणि तो लपवायला जागा नसते.

४. तोडफोड

आधी वीज मेन स्विचपासून तोडा आणि कामापुरता तात्पुरता बोर्ड, तोही आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) लावून, वेगळा घ्या. गॅस आणि पाणी बंद करा. ज्या नहाणी ट्रॅप (वास अडवायला पाणी धरून ठेवणारे भाग) आणि पाइपा ठेवायच्या आहेत त्यांची तोंडं टोपण लावून बंद करा. नुसतं गोणपाट कोंबून भागत नाही. सिमेंटचं पाणी झिरपून ट्रॅपमध्ये घट्ट होतं आणि ते घरात राहायला आल्यावर कळतं.

फोडताना वरून खाली या. राडारोडा रोज उतरवा, स्लॅबवर ढीग करू नका. याचा हिशेब सोपा आहे. राहत्या घराच्या स्लॅबवर साधारण २०० किलो दर चौरस मीटर एवढा वापराचा भार धरलेला असतो. विटा-मातीचा राडारोडा घनमीटरला सुमारे १,४०० किलो भरतो, म्हणजे फक्त ३० सेंमी उंचीचा थर चौरस मीटरला ४२० किलो होतो. जुन्या, सळया गंजलेल्या स्लॅबवर दुप्पट भार टाकून वर चार माणसं घण मारत असतात.

दोन गोष्टी आरोग्यासाठी. जुने सिमेंटचे पन्हळी पत्रे आणि पाइप ॲस्बेस्टॉसचे असू शकतात. ते कापायचे, फोडायचे किंवा घासायचे नाहीत. तपासून घ्या आणि जाणकारांकडूनच उतरवून घ्या. जुन्या ऑइल पेंटच्या खालच्या थरांत शिसं असू शकतं, म्हणून तो कोरडा घासू नका. ओला करून खरवडा, मास्क वापरा आणि मुलांना तिकडे फिरकू देऊ नका.

भिंत पाडण्याबद्दल एक गैरसमज पक्का रुजलेला आहे: २३० मिमीची भिंत भार घेते आणि ११५ मिमीची घेत नाही. नव्या आरसीसी (सळया घातलेल्या काँक्रीटच्या) घरात भार कॉलम-बीम घेतात, त्यामुळे पातळ भिंतीबद्दल हे बहुतेक वेळा खरं ठरतं. जुन्या घरात पातळ भिंतीवरही वरच्या मजल्याची भिंत उभी केलेली असते किंवा वाकलेल्या तुळईला तिनं टेकू दिलेला असतो. वर जाऊन पाहा, वासे कोणत्या दिशेनं टेकलेत ते पाहा, आणि इंजिनिअरनं टेकूंची जागा व बीमचा आकार लिहून दिल्यावरच हातोडा उचलू द्या. नव्या बीमला किंवा लिंटेलला (दारा-खिडकीवरच्या आडव्या तुळईला) दोन्ही बाजूंनी किमान १५० मिमी पक्की बैठक हवी. काढलेल्या विटांच्या तोंडावर नुसतं टेकवणं चालत नाही.

५. सांगाडा आणि छप्पर

सुटलेलं काँक्रीट सळईच्या मागे बोट जाईल इतकं, म्हणजे साधारण २० ते २५ मिमी आतपर्यंत काढावं लागतं. सळई तारेच्या ब्रशनं चकचकीत होईपर्यंत घासून गंजरोधक लेप द्यायचा, जोडणीचा थर लावायचा आणि मग पॉलिमर मॉर्टर थराथरानं भरायचं. सळई बरीच झिजली असेल तर शेजारी नवी किती जाडीची घालायची हे इंजिनिअर ठरवेल. बहुतेक ठिकाणी होतं असं की सळईची फक्त पुढची बाजू घासून वर साधा गिलावा मारला जातो. मागचा गंज तसाच राहतो आणि काही काळानं तोच तुकडा गिलाव्यासकट खाली येतो. हे काम चालू असताना तिथे स्वतः उभे राहा. गिलावा झाल्यावर तपासायला काही उरत नाही.

गच्चीवर थरावर थर चढवत जाणं ही जुन्या घरांची मोठी समस्या आहे. २५ मिमी जाडीचा सिमेंट-वाळूचा थर चौरस मीटरला सुमारे ५० किलो भरतो. आधीचे दोन-तीन कोबे तसेच ठेवून नवा टाकला की गळती थांबेल की नाही ते पुढे, स्लॅबचा भार मात्र नक्की वाढतो. जुने थर काढा, मग उतार द्या, १०० मध्ये किमान १. पॅरापेटच्या (गच्चीच्या कठड्याच्या) कोनात गोलसर वाटा करा, म्हणजे कोपरा सिमेंटनं भरून गोल करा, आणि वॉटरप्रूफिंगचा थर भिंतीवर किमान १५० मिमी चढवा. पाणी जास्त करून सपाट भागातून शिरत नाही. ते या कोनातून आणि पाणी जाण्याच्या पाइपाच्या तोंडाशी शिरतं.

कौलारू छपरात कौलं काढली आहेत तोवर वासे, रिफा (कौलांखालच्या पट्ट्या) आणि पन्हळी तिन्ही उरकून घ्या. तुळईचं नवं टोक भिंतीत चहूबाजूंनी सिमेंटमध्ये चिणू नका. बाजूंना बोटभर हवा राहू द्या.

६. पाणी आणि ड्रेनेज

जुने जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाइप आतून गंजून निम्मे बुजलेले असतात. अर्धे बदलून अर्धे ठेवले की नव्या नळाच्या जाळीत रोज गंज येत राहतो. सगळे बदला. गरम पाण्याला सीपीव्हीसी किंवा पीपीआर वापरा, साधा पीव्हीसी गरम पाण्यात मऊ पडतो. भिंतीत दडणाऱ्या पाइपाला जोड कमीत कमी ठेवा, आणि नळ बसतो तिथे पितळी आटे असलेलं फिटिंगच घ्या. प्लास्टिकचे आटे नळ आवळताना चिरतात आणि गळती भिंतीच्या आत होते.

झिरी बुजवण्याआधी दाबाची चाचणी घ्या. सगळी तोंडं प्लगनं बंद करून पंपानं नेहमीच्या दाबाच्या दीडपट दाब द्या. प्लास्टिक पाइप सुरुवातीला किंचित ताणतात, त्यामुळे काटा थोडा उतरतो. पुन्हा दाब पुरा करून रात्रभर सोडा. सकाळी काटा तिथेच असला पाहिजे. 'नळ चालू करून बघितला, गळत नाही' याला चाचणी म्हणत नाहीत.

शॉवर निवडण्याआधी टाकीची उंची मोजा. १० मीटर उंचीला साधारण १ बार दाब मिळतो. टाकी शॉवरच्या ३ मीटर वर असेल तर शॉवरला फक्त ०.३ बार पोचतो. मोठ्या तबकाच्या शॉवरना आणि थर्मोस्टॅटिक मिक्सरना बहुधा त्याच्या दोन-तीन पट दाब लागतो. डब्यावर किमान दाब छापलेला असतो. तो जुळत नसेल तर प्रेशर पंपाची जागा आणि त्याचा इलेक्ट्रिक पॉइंट आत्ताच ठरवा.

कमोडची जागा हलवणं कागदावर फारच सोपं दिसतं. कमोडचा ११० मिमीचा पाइप ४० मध्ये १ उतारानं दोन मीटर न्यायचा तर नुसत्या उताराला ५० मिमी लागतात. त्यात पाइपाची जाडी, बेंड आणि वरचा कोबा धरला की २०० मिमीच्या वर खोली हवी. तेवढा खाली सोडलेला स्लॅब नसेल तर बाथरूमला पायरी चढून जावं लागेल किंवा पाइप खालच्या छतावरून न्यावा लागेल. यातलं काहीच नको असेल तर कमोड होता तिथेच राहू द्या, बाकीची मांडणी त्याच्याभोवती बदला. बेसिन आणि नहाणीचे पाइप लहान असल्यामुळे ते हलवायला अडचण कमी येते.

प्रत्येक ट्रॅपमध्ये किमान ५० मिमी पाण्याचा अडसर राहिला पाहिजे, आणि मैला वाहून नेणाऱ्या उभ्या सॉइल पाइपाला छपराच्या वर हवेची वाट हवी. ती नसली की वर फ्लश केल्यावर खालच्या ट्रॅपमधलं पाणी ओढलं जातं आणि घरात वास येतो. मग लोक वर्षानुवर्षं फिनेल ओतत बसतात.

७. वायरिंग

जुन्या वायरिंगवर नवा बोर्ड बसवू नका. रबरी आवरणाच्या किंवा ॲल्युमिनियमच्या वायरी आणि अर्थिंगची तार नसलेले सॉकेट पूर्ण काढून टाका. आधी खोल्यांत फर्निचर कुठे येणार ते जमिनीवर खडूनं आखा, मग पॉइंट मोजा. पलंगाच्या मागे दडलेला सॉकेट प्रत्येक घरात एक तरी सापडतो.

ढोबळ जाड्या अशा असतात, नेमकं गणित वायरीची लांबी आणि स्थानिक नियम पाहून इलेक्ट्रिशियननं करायचं:

- दिवे-पंखे: १.५ चौमिमी, १० अँपिअरपर्यंतचा एमसीबी (जादा भार आला की आपोआप पडणारा स्विच)
- साधे सॉकेट: २.५ चौमिमी, १६ अँपिअर
- गीझर, एसी, ओव्हन: ४ चौमिमी, २० ते २५ अँपिअर, प्रत्येकाला वेगळं सर्किट
- मोठी इंडक्शन शेगडी: ६ चौमिमी, ३२ अँपिअर

एमसीबी वायरीला वाचवण्यासाठी असतो. तो सारखा पडतो म्हणून १६ च्या जागी ३२ चा बसवणारा माणूस वायर जळण्याची सोय करून जातो. माणसाला वाचवतो तो ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. तो बसवल्यावर विनाकारण पडत असेल तर बहुतेक वेळा दोन सर्किटच्या न्यूट्रल कुठेतरी एकत्र बांधलेल्या असतात. बोर्डात प्रत्येक सर्किटची न्यूट्रल वेगळी ठेवून तिला नंबर लावायला सांगा. आरसीसीबी काढून टाकणं हा त्यावरचा इलाज होत नाही.

झिरी मारताना भिंतीचा विचार करा. उभी झिरी जाडीच्या एक-तृतीयांशापेक्षा आणि आडवी एक-षष्ठांशापेक्षा खोल नको. ११५ मिमीच्या भिंतीत याचा अर्थ उभी ३८ आणि आडवी १९ मिमी. २० मिमीच्या पाइपावर १० मिमी तरी भर हवी, म्हणजे ३० मिमी झाले. तेव्हा पातळ भिंतीत आडवी झिरी बसतच नाही. पाइप छतावरून किंवा जमिनीतून आणून प्रत्येक पॉइंटला उभा उतरवा. तिरप्या झिरी तर कुठेच नकोत, नंतर खिळा मारताना वायर कुठून गेली याचा अंदाज लागत नाही.

पाइपात वायरींनी ४० टक्क्यांपेक्षा जास्त जागा घेऊ नये, नाहीतर वायर ओढताना आवरण सोलतं आणि पुढे बदलताही येत नाही. इंटरनेटच्या केबलला वेगळा पाइप, विजेच्या पाइपापासून वीतभर दूर. प्रत्येक खोलीपर्यंत एक रिकामा पाइप आत तार टाकून ठेवा. त्याचा खर्च किरकोळ असतो आणि पुढची तोडफोड वाचते.

गिलाव्याआधी प्रत्येक भिंतीचा समोरून फोटो घ्या, भिंतीला मेजर टेप लावून. प्लंबिंगचाही असाच घ्या. तयार घरात ड्रिल मारताना हेच फोटो उपयोगी पडतात.

८. भिंती आणि गिलावा

आधी भिंत कशाची आहे ते बघा. चुन्यात बांधलेली जुनी विटांची किंवा दगडाची भिंत ओल शोषते आणि परत सोडते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा आणि प्लास्टिक पेंट चढवला की ओल आत कोंडते, वर चढते आणि दुसरीकडून पोपडे काढते. अशा भिंतीला चुन्याचाच गिलावा आणि हवा जाऊ देणारा रंग द्या. भिंत आधी वाळूही द्या. २५ मिमी जाडीला एक महिना हा ढोबळ हिशेब आहे, त्यामुळे जाड भिंतींना खरोखरच धीर लागतो.

सिमेंटच्या भिंतीला आतून १२ ते १५ मिमी, बाहेरून दोन थरांत २० मिमी गिलावा पुरे. जुनी आणि नवी वीट जिथे मिळते तिथे, काँक्रीट आणि विटेच्या सांध्यावर आणि भरलेल्या झिरीवर दोन्ही बाजूंना १५० मिमी जाईल अशी जाळी ठोका. नाहीतर त्या रेषेत तडा येणार, मिस्त्री कितीही चांगला असो. पाणी सात दिवस मारा. जिप्समचा गिलावा गुळगुळीत होतो, पण ओल येणाऱ्या भिंतीवर आणि बाथरूममध्ये तो चालत नाही.

९. बाथरूम

जुन्या टाइल्सवर नवा लेप मारून गळती थांबवण्याच्या फंदात पडू नका. स्लॅबपर्यंत मोकळं करा. पाइप स्लॅबमधून जातात ती भोकं न आकसणाऱ्या ग्राउटनं भरा. जमीन आणि भिंत मिळते तिथे वाटा करा. वॉटरप्रूफिंगचा पहिला हात एका दिशेनं, तो वाळल्यावर दुसरा त्याला काटकोनात. जमिनीवरून भिंतीवर किमान ३०० मिमी, शॉवरच्या भिंतीला १,८०० मिमी आणि उंबऱ्याच्या बाहेरच्या कडेपर्यंत लेप गेला पाहिजे.

मग नहाणीचं तोंड बंद करून पाणी साठवा आणि ४८ तास ठेवा. पातळीची खूण भिंतीवर करा, खालचं छत रोज बघा. स्लॅब कमकुवत असेल तर ५० मिमीच्या वर पाणी भरू नका, एवढ्यानंच चौरस मीटरला ५० किलो भार येतो. चाचणी पास झाली की त्याच दिवशी वर संरक्षक कोबा टाकून घ्या, नहाणीकडे ८० मध्ये १ उतार देऊन.

चाचणी झाल्यावर बाथरूम पुन्हा गळतं याचं सगळ्यात नेहमीचं कारण छिन्नी आहे. टाइल्सवाल्याला नहाणीची जाळी दोन सेंटिमीटर सरकवायची असते, प्लंबरला एक पॉइंट राहिलेला आठवतो, आणि थर तिथे फुटतो. चाचणीनंतर बाथरूममध्ये ठोकाठोक बंद. ठोकावं लागलंच तर तिथे पुन्हा लेप आणि पुन्हा पाणी.

१०. फरशी

पहिली टाइल लावण्याआधी लेझरनं किंवा पाण्याच्या नळीनं सगळ्या खोल्यांत तयार फरशीपासून बरोबर एक मीटर उंचीची रेघ मारून घ्या. दारं, ओटा, स्विचबोर्ड, उंबरे सगळं त्याच रेघेवरून मोजायचं. बाथरूमची फरशी बाहेरच्यापेक्षा १५ ते २० मिमी खाली.

जुन्या फरशीवर नवी टाइल बसते, पण जुनी कुठेही बद्द वाजत नसेल, स्लॅबला जादा भार पेलत असेल आणि दारांखाली जागा असेल तरच. टाइल ॲडेसिव्ह दातेरी थापीनं पूर्ण पसरून लावा. मसाल्याचे पाच गोळे ठेवून टाइल दाबली की कोपरे पोकळ राहतात, आणि कपाटाचा पाय नेमका तिथेच येतो. लाकडी किंवा लॅमिनेट फरशीसाठी कोबा पूर्ण वाळायला हवा, दिवसाला एक मिमी या हिशेबानं ५० मिमीला साधारण सात आठवडे. भिंतीलगत ८ ते १० मिमी फट सोडा, ती स्कर्टिंगखाली झाकली जाते.

११. खिडक्या आणि उष्णता

एसीचा आकार वाढवण्याआधी छपराला इन्सुलेशन (उष्णता अडवणारा थर) द्या. वरच्या मजल्याला उष्णता सगळ्यात जास्त तिथूनच मिळते. खिडक्या घट्ट बसवल्यावर जुन्या फटींतून येणारी हवा बंद होते, म्हणून स्वयंपाकघर आणि बाथरूमला थेट बाहेर सोडणारा एक्झॉस्ट फॅन हवा. तो नसला तर आधी कोरड्या असलेल्या कोपऱ्यात बुरशी धरते.

१२. सुतारकाम आणि रंग

फर्निचरची मापं गिलावा आणि फरशी झाल्यावर घ्या. जुन्या घरात खोल्या गुण्यात (काटकोनात) नसतात, समोरासमोरच्या भिंतींत दोन-तीन सेंटिमीटरचा फरक सहज निघतो. नव्या सिमेंटच्या गिलाव्यावर रंग २८ दिवसांच्या आत नको. पुट्टी पातळ दोन हातांत द्या, खड्डे पुट्टीनं भरू नका. रंगाचा शेवटचा हात स्विच, नळ आणि दारं बसवून झाल्यावर.

१३. ताबा घेताना

- सगळे नळ एकदम सोडून दाब बघा, मग प्रत्येक बेसिन काठोकाठ भरून सोडा आणि खाली सांधे हातानं चाचपा.
- आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबा. मेगर या उपकरणानं ५०० व्होल्टला वायरींचं इन्सुलेशन मोजून घ्या, १ मेगओहमपेक्षा कमी आलं तर ते सर्किट उघडायला लावा. अर्थिंगचं माप लेखी घ्या.
- प्रत्येक टाइल लाकडी दांड्यानं ठोका. पोकळ निघालेल्यांवर खडूनं खूण करून बदलून घ्या.
- बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओता, कुठे साचतं ते पाहा.
- प्रत्येक प्रकारच्या टाइलचा एक बॉक्स, रंगांचे कोड, झिरींचे फोटो, वॉरंटीची कागदपत्रं आणि सर्किटचा नकाशा एका ठिकाणी ठेवा. सर्किटच्या नकाशाची एक प्रत डीबीच्या (विजेच्या मुख्य वितरण बोर्डाच्या) दारावर आतून चिकटवा.
- राखून ठेवलेली रक्कम पहिला पावसाळा संपल्यावर गच्ची, बाहेरच्या भिंती आणि बाथरूमखालचं छत पुन्हा तपासून मगच सोडा.